सोयाबीन-तूर हंगामातले कृषी सहायकांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण : प्रकल्प नोंदी

६ मे. आखणी

वाशीम जिल्ह्यातली दोन मंडळे, बारा कृषी सहायक, पीक सोयाबीन आणि त्यात तुरीचे आंतरपीक. वर्ग सभागृहात भरणार नाही. दर पंधरवड्याला एक दिवस कोणा एका सहायकाच्या गावी, शेतकऱ्याच्या वावरात. मधल्या दिवसांत प्रत्येकाने आपल्या गावांत तेच काम करायचे आणि पुढच्या वेळी स्वतः घेतलेले आकडे आणायचे.

पंधरवड्याचा ताल १९७० च्या दशकातल्या ‘प्रशिक्षण व भेट’ योजनेपासूनचा आहे. त्या योजनेत वरून ठरलेला संदेश खाली पोचवण्यावर भर होता. इथे उलटे करायचे आहे: सल्ला वावरात मोजून तयार व्हायला हवा. हा धागा शेतीशाळेचा. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी ती सुरू झाली, तेव्हापासून तिचा गाभा एकच: शेतकरी स्वतः पाहतो, मोजतो, चित्र काढतो आणि मग ठरवतो.

प्रत्येक सहायकाचे एक कौशल्य पत्रक केले. नऊ कामे आणि प्रत्येकापुढे चार रकाने: पाहिले, सोबत केले, एकट्याने केले, शेतकऱ्याकडून करवून घेतले. चौथा रकाना भरल्याशिवाय काम पूर्ण धरायचे नाही. प्रशिक्षणाचे मोजमाप हजेरीवर ठेवले की हजेरीच मिळते, म्हणून हजेरीचा रकाना पत्रकात ठेवलेला नाही.

झोळीतले सामान: दहापट भिंग, एक मीटरची काठी (दर ५ सेंमीला रंगाची खूण), लांब टेप, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, चाकू, पांढऱ्या कापडाचा मीटरभर तुकडा, मोजपात्र, गोणपाट, पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते.

१४ मे. उगवण चाचणी लावली

सोयाबीन बियाण्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर टरफलाच्या अगदी खाली असतो. पोते ट्रॉलीवरून आपटले, मळणी जोरात झाली की दाणा वरून चांगला दिसतो, पण उगवत नाही. म्हणून घरच्या बियाण्याची चाचणी सोडायची नाही. विकतच्या पिशवीतलेही शंभर दाणे पेरणीआधी लावायचे.

पद्धत: बियाणे आधी चाळून, फुटके-काडीकचरा काढून घ्यायचे, कारण पेरणारही तेच आहोत. मग पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ काढून एकत्र करायचे. त्यातून डोळे मिटून शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यांत दीड-दोन सेंमी अंतर, वरून दुसरा ओला तुकडा, मग सैल गुंडाळी. असे तीन नमुने. सावलीत ठेवायचे, सुकेल तसे पाणी शिंपडायचे.

आज बाराजणांपैकी पाचांनी दाणे निवडून घेतले. हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. निवडलेल्या दाण्यांची चाचणी म्हणजे पोत्यात नसलेल्या बियाण्याची चाचणी. पुन्हा मोजायला लावले.

२१ मे. मोजणी

सातव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या. मोजायचे ते फक्त निरोगी रोप: सरळ मूळ, शाबूत दलपत्रे (दाण्याच्या दोन डाळिंब्या), जिवंत शेंडा. नुसता मोड आलेला, मूळ तुटका, दलपत्र चिरलेला अंकुर ‘उगवला’ यात धरायचा नाही. मातीत तो वर येत नाही. पहिल्या फेरीत बहुतेकांनी मोड दिसला की मोजला. त्याच गुंडाळीत एकाला ८१ आणि दुसऱ्याला ६६ आले. शेजारी बसून एकेक अंकुर हातात घेऊन पाहिल्यावर आकडे जुळले.

दोन गुंडाळ्या कुजल्या होत्या. कारण बियाणे नव्हे, पाणी. गोणपाट पिळल्यावर थेंब पडत असतील तर पाणी जास्त. दाण्याला हवा मिळत नाही, बुरशी धरते. असा नमुना बाद करायचा, शून्य टक्के लिहायचे नाही.

तीन नमुन्यांची सरासरी काढून हिशेब: ७० टक्के उगवणीला हेक्टरी ७५ किलो, एकरी ३०. उगवण कमी असेल तर ३० ला ७० ने गुणून आलेल्या टक्क्यांनी भागायचे. उगवण ६५ असेल तर एकरी ३२.३ किलो, ६० असेल तर ३५. साठच्या खाली गेलेले बियाणे पेरायचे नाही, कारण उगवलेली रोपेही अशक्त असतात. मात्रा वाढवून ते भरून निघत नाही.

हे ७५ किलो कुठून आले, तेही सगळ्यांकडून काढून घेतले. शंभर दाण्यांचे वजन साडेअकरा ग्रॅम धरले तर ७५ किलोत साधारण साडेसहा लाख दाणे. त्यातले ७० टक्के उगवले तर साडेचार लाख रोपे, आणि ४५ × ५ सेंमी अंतराला हेक्टरी हवीत ४ लाख ४४ हजार. हे कळले की दाणा टपोरा असलेल्या वाणाला तेवढ्याच किलोत रोपे कमी का पडतात, हे सांगावे लागत नाही.

२९ मे. बीजप्रक्रिया

क्रम: बुरशीनाशक, कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. कार्बोक्झिन + थायरम हे मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम. खोडमाशी (खोड आतून पोखरणारी कीड) दरवर्षी येणाऱ्या वावरात त्यानंतर थायामेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली. सावलीत सुकवून ठेवायचे. रायझोबियम हे जिवाणू खत पेरणीच्या दिवशी, दहा किलोला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, आणि लगेच पेरणी. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशी दाबणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर रासायनिक बुरशीनाशक नको. दोन्ही एकत्र म्हणजे एकाने दुसऱ्याला मारणे.

चुका दोन. पहिली, हाताने चोळणे. टरफल निघते आणि चाचणीत ७५ आलेले बियाणे वावरात ५५ होते. ताडपत्रीवर पसरून चार कोपरे उचलत घोळवायचे, पाणी अगदी थोडे. दुसरी, पाकीट न वाचणे. सोयाबीनचे रायझोबियम वेगळे, तुरीचे वेगळे. एका गावात दोन्हींची अदलाबदल होता होता राहिली. पाकिटावर पीक आणि वापराची अंतिम तारीख असते. सहायकाने दोन्ही मोठ्याने वाचून दाखवायच्या. बियाणे घोळवायचे ते हातमोजे घालूनच.

१० जून. पेरणी यंत्राची जुळणी

ट्रॅक्टरवर उचललेल्या यंत्राचे जमिनीचे चाक हाताने फिरवले. उदाहरणाचे आकडे: चाकाचा घेर १.५ मीटर, चार फण, ४५ सेंमी अंतर म्हणजे रुंदी १.८ मीटर. वीस फेऱ्यांत ५४ चौरस मीटर. हेक्टरी ७५ किलो म्हणजे चौरस मीटरला साडेसात ग्रॅम. म्हणून चारही नळ्यांतून मिळून ४०५ ग्रॅम पडायला हवे, प्रत्येकीतून सुमारे १०१.

एकूण वजन बरोबर आले की लोक उठतात. उठू नये. आज एकूण ३९८ ग्रॅम होते, पण एका नळीतून ६४ आणि दुसरीतून १३०. अशा वावरात एक ओळ विरळ, एक दाट, आणि दोष मात्र बियाण्याच्या कंपनीवर. नळीत कोळ्याचे जाळे निघाले. वावरात चाक घसरते, त्यामुळे पहिल्या दोन तासांनंतर ओळ उकरून मीटरला दाणे आणि खोली पुन्हा पाहायची. खोली ३ ते ४ सेंमी. पाचच्या पुढे दाणा गेला आणि वर पाऊस आपटून थर घट्ट झाला की अंकुराची मान मोडते.

१९ जून. पाऊस किती झाला?

पेरणीसाठी ७५ ते १०० मिमी हवा. महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा महसूल मंडळाचा असतो. त्याच मंडळात एका गावाला मृग लागतो आणि शेजारच्या गावाला नुसते शिंतोडे. म्हणून प्रत्येक सहायकाने गावात एक सरळ भिंतीचे पातेले किंवा डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी साडेआठला आतले पाणी पट्टीने मिमीत मोजायचे. डब्याचे तोंड आणि तळ सारख्या रुंदीचे असले की व्यास काहीही चालतो. झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. शिवाय वावरात टिकाव घालून ओल वीतभर खोल गेली का पाहायचे. वरचा थर ओला आणि खाली धूळ, ही दुबार पेरणीची खात्रीशीर तयारी.

३ जुलै. रोपांची मोजणी

धुऱ्यापासून (बांधापासून) पाच पावले आत, नागमोडी चालत दहा ठिकाणी मीटरची काठी ठेवायची. मीटरला २० रोपे अपेक्षित. सरासरी १५ च्या वर असेल तर फांद्या फुटून पीक सावरते. जागोजागी सलग मीटरभर मोकळे पडले असेल तरच नांग्या (रिकाम्या जागा) भरायच्या, तेही आठ-दहा दिवसांच्या आत; उशिरा लावलेले रोप सावलीत दबते. विरळ रोपांच्या तक्रारीला आधी वावरात जाऊन दाणे उकरायचे. कुजलेला दाणा, मान मोडलेला अंकुर आणि दाणाच नसणे, ही तीन वेगळी उत्तरे आहेत.

१७ जुलै. पिवळी पाने

हंगामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस. या काळात सहायकाच्या फोनवर पिवळ्या सोयाबीनचे फोटो येतात, आणि फोटोवरून औषध सांगितले जाते. पिवळे पडण्याची पाच कारणे एका शिवारात एकाच दिवशी दाखवता आली, हे वावर देणाऱ्या शेतकऱ्यांचे उपकार.

आधी प्रश्न पिवळेपणाचा नाही, जागेचा. झाडावर कुठे आणि वावरात कुठे?

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, जुनी पाने बरी: लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचलेल्या पट्ट्यात जास्त दिसते. जमिनीत लोह असते, मुळांना उचलता येत नाही. म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर, वाफसा येताच डवरणी (ओळींमधली कोळपणी). त्यानंतरही शेंडा पिवळाच राहिला तर फेरस सल्फेट ०.५ टक्के, म्हणजे १० लिटरला ५० ग्रॅम, सोबत २५ ग्रॅम चुन्याची निवळी.

खालची जुनी पाने सर्वत्र सारखी फिकट: नत्र कमी. झाड उपटून मुळावरच्या गाठी चाकूने कापायच्या. आतून गुलाबी असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी, हिरवट किंवा राखाडी असेल तर नाही.

गडद पिवळे आणि हिरवे ठिपके अनियमित मिसळलेले, झाडे एकेकटी विखुरलेली: पिवळा मोझॅक. विषाणू पांढऱ्या माशीने आणलेला. त्याला औषध नाही. रोगट झाड दिसेल तसे उपटून पुरायचे आणि माशीकडे लक्ष द्यायचे. इथे सूक्ष्म अन्नद्रव्य फवारायला सांगणे म्हणजे शेतकऱ्याचा पैसा आणि आठवडा दोन्ही घालवणे.

झाड मलूल, पिवळट, पण पानांत नेमका नमुना नाही: खोड उभे चिरायचे. आत लालसर-तपकिरी नागमोडी बोगदा दिसला तर खोडमाशी. खोडावर दोन समांतर खाचा आणि त्यावरचा भाग वाळलेला असेल तर चक्रीभुंगा.

पाचवे, ओळीच्या ओळी किंवा पंपाच्या पट्ट्यांत सारखे करपलेले: तणनाशकाची जास्त मात्रा किंवा आधीच्या औषधाचा पंप नीट न धुणे.

विचारायचे कसे, याचाही सराव घेतला. “भाऊ, काय फवारलं?” असे विचारले की उत्तर मिळते “काहीच नाही” किंवा दुकानदाराने दिलेले नाव. त्याऐवजी “शेवटचा पंप कधी लावला, किती पंप लागले, डबा घरी आहे का?” असे विचारायचे. डबा पाहिल्याशिवाय निदान लिहायचे नाही. फोटो आला तर तीन परत मागवायचे: पूर्ण वावर, पूर्ण झाड, एक पान. आणि खोड चिरून पाठवायला सांगायचे.

३१ जुलै. कीड निरीक्षण

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला: ठरावीक शेतांतले आकडे दर आठवड्याला गोळा करून सल्ला द्यायचा. आकडा चुकला तर वरचा सगळा डोलारा चुकतो, म्हणून मोजायच्या पद्धतीवर अर्धा दिवस दिला.

दोन ओळींमध्ये पांढरे कापड अंथरायचे, दोन्ही बाजूंची झाडे हलकेच वाकवून झटकायची, पडलेल्या अळ्या मोजायच्या, झटकलेल्या ओळींच्या एकूण मीटरने भागायच्या. असे दहा ठिकाणी, सकाळच्या वेळी. उन्हात मोजले तर तंबाखूवरची अळी पालापाचोळ्यात लपलेली असते आणि आकडा निम्मा येतो. दुसरी चूक, छिद्रे जास्त तिथेच कापड टाकणे. ठिकाण आधी पावलांनी ठरवायचे, नंतर पीक पाहायचे.

पाने खाणाऱ्या अळ्या फुलोऱ्यापूर्वी मीटरला सरासरी ४, फुलोऱ्यात ३ आल्या की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे फवारणीचा विचार करायची वेळ आली. खोडमाशीला दहा टक्के झाडे.

जमलेल्या अळ्या तशाच मोजायच्या नाहीत, पाहायच्या. पावसाळी हवेत पानाला चिकटून पांढऱ्या, नंतर हिरवट पडलेल्या, ताठ झालेल्या अळ्या दिसल्या, तर ती नोमुरिया बुरशी. आपले काम ती करते आहे. आज एका वावरात सरासरी ४.२ आली, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त अळ्या बुरशी लागलेल्या. सल्ला ठरला: फवारणी नाही, तीन दिवसांनी पुन्हा मोजणी.

दुपारी शेतीशाळा. शेतकऱ्यांच्या चार गटांनी मोठ्या कागदावर मधोमध झाड, डावीकडे शत्रू कीटक, उजवीकडे मित्र कीटक, वर हवामान, खाली जमिनीची ओल काढली. चित्र सहायकाने काढायचे नाही, खडूही हातात घ्यायचा नाही. तिघांनी राहवले नाही म्हणून काढून दिले. त्या गटांतले शेतकरी सादरीकरणाला उठलेच नाहीत.

१४ ऑगस्ट. फवारणी

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. शेजारच्या जिल्ह्यातली ही गोष्ट. म्हणून फवारणीचा दिवस सुरक्षेपासून सुरू केला, औषधापासून नाही.

डब्यावरचा त्रिकोण: लाल, पिवळा, निळा, हिरवा, या उतरत्या क्रमाने विषारीपणा. वाऱ्याकडे पाठ, उपाशीपोटी नाही, उघड्या हाताने ढवळणे नाही, तोंडाने नोझल फुंकणे नाही. मळमळ, घाम, धूसर दिसणे असे काही वाटले की काम थांबवून कपडे बदलायचे, अंग साबणाने धुवायचे आणि डबा घेऊनच दवाखान्यात जायचे. उतारा औषधागणिक वेगळा असतो. डब्याशिवाय डॉक्टरांचा वेळ जातो. तीन-चार औषधे एका पंपात मिसळण्याचा सल्ला या प्रकल्पात कोणीही देणार नाही.

मग पंपाची जुळणी. दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखून नुसत्या पाण्याने, शेतकऱ्याच्या नेहमीच्या चालीने फवारायला लावले. ५ लिटर लागले तर हेक्टरी ५०० लिटर. आज एकाला ३ लिटर लागले, म्हणजे हेक्टरी ३००.

इथेच बहुतेक ‘औषध बोगस निघाले’ तक्रारींचे मूळ आहे. क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी सोयाबीनला हेक्टरी १५० मिली. ५०० लिटर पाणी धरून दुकानात सांगतात १० लिटरला ३ मिली. पण पाणी ३०० लिटरच लागत असेल तर तेवढ्या प्रमाणाने हेक्टरी ९० मिलीच पडते. अळी मरत नाही, वाचलेली सोसायला शिकते, आणि पुढच्या वेळी जास्त जहाल औषध येते. त्या शेतकऱ्यासाठी बरोबर हिशेब: हेक्टरी २० पंप (१५ लिटरचे), पंपाला साडेसात मिली. सर्व सहायकांना पाच वेगवेगळ्या पंपांचा हिशेब कागदावर करायला दिला. सातांचा पहिल्याच फेरीत बरोबर आला.

४ सप्टेंबर. सल्ला लिहिणे

व्हॉट्सअॅपवर गेलेले जुने संदेश समोर ठेवून दुरुस्त केले. ‘अळीसाठी योग्य कीटकनाशक फवारावे’ यात शेतकऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. नवा साचा: गाव आणि तारीख, पिकाची अवस्था, किती ठिकाणी मोजले, सरासरी किती, पातळी किती, काय करायचे, पंपाला किती, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, पुन्हा मोजणी कधी. ‘फवारणी नको’ हाही पूर्ण सल्ला आहे आणि तो आकड्यासह लिहायचा, नाहीतर शेजाऱ्याचा पंप पाहून शेतकरी फवारतोच. उत्तर माहीत नसेल तर ‘उद्या पाहून सांगतो’ लिहायचे आणि उद्या जायचे.

१३ ऑक्टोबर. मळणी आणि बियाणे राखणे

बियाण्याचा ढीग वेगळा. दाण्यात १३ टक्के ओलावा असताना ड्रमचे मिनिटाला ३०० ते ४०० फेरे, १४ टक्क्यांना ४०० ते ५००. मळणी यंत्राचा मालक तासाच्या घाईने वेग वाढवतो. म्हणून पहिले पोते भरताच मूठभर दाणे घेऊन फुटके आणि चिरलेले मोजायचे, शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त दिसले की तिथेच वेग कमी करायला लावायचा. आज एका खळ्यावर आठ निघाले होते. वेग उतरवल्यावर दोन. पावसात भिजलेल्या ढिगातले बियाणे राखायचे नाही, ते थेट विक्रीला.

साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत, पोते भिंतीपासून दूर लाकडी फळ्यांवर, थप्पी उंच नाही, उचलताना आपटायचे नाही. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी: वाण, वावर, मळणीची तारीख, फुटक्यांची टक्केवारी.

२७ नोव्हेंबर. तूर

घाटेअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे). सलग दोन-तीन दिवस सापळ्यात रोज ८ ते १० पतंग, किंवा झाडाला एक-दोन अळ्या, ही पातळी. पतंग रोज मोजून सापळा रिकामा करायचा. तीन दिवसांचे एकत्र मोजून ‘आज २४’ लिहिण्याची चूक दोघांनी केली. पक्षीथांबे (अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या) एकरी वीस, शेंड्याच्या वर हातभर.

पत्रकांची स्थिती: चौथा रकाना सर्व नऊ कामांत भरलेले चार सहायक. पंपाची जुळणी शेतकऱ्याकडून करवून घेणे पाचांचे बाकी, ते तुरीच्या फवारणीत होईल. चिठ्ठी लावलेली ४३ पोती नोंदवहीत आली आहेत. प्रत्येक पोत्यातले शंभर दाणे १५ मार्चला एकदा आणि १० मेला पुन्हा लावायचे. गुंडाळ्यांसाठी गोणपाट मंडळ कार्यालयात ठेवले आहे.